अमेरिकेतला पाद्री मुंबईत कशासाठी आला?

प्रश्न : आम्ही मूळचे मनोरीचे. आमच्या गावात ख्रिस्ती धर्म पोर्तुगीजांच्या काळापासून आहे. परवा एका पुस्तकात वाचलं, की गॉर्डन हॉल नावाचे एक अमेरिकन पाद्री १८१३ साली मुंबईत आले आणि त्यांनी मराठीत बायबल आणलं. तेव्हापासून तीन शंका मनात आहेत. आमचे पूर्वज त्याआधीच ख्रिस्ती होते, मग हे गृहस्थ कुणाला आणि काय शिकवायला आले? राज्य इंग्रजांचं असताना अमेरिकन माणसाचा इथे संबंध काय? आणि मराठी बायबलच्या कामात त्यांचा एवढा वाटा असेल, तर आमच्या गावात कुणाला त्यांचं नावसुद्धा ठाऊक कसं नाही?
— एक वाचक, मनोरी

उत्तर : तिन्ही शंका रास्त आहेत आणि तिन्हींचं मूळ एकच आहे. ‘ख्रिस्ती’ म्हटलं की सगळे एकाच घरचे, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात मनोरीचं घराणं वेगळं आणि हॉल यांचं वेगळं. हे एकदा ध्यानात आलं की बाकीचा गुंता सुटत जातो. तेव्हा आधी कालक्रम लावून घेऊ.

वसईचा मुलूख १५३४ च्या तहाने पोर्तुगीजांकडे गेला. पुढल्या काही दशकांत फ्रान्सिस्कन आणि जेझुइट धर्मगुरू साष्टीत आणि आसपासच्या बेटांवर पसरले. बोरिवलीला मंडपेश्वरच्या लेण्यांशेजारी फ्रान्सिस्कनांच्या जुन्या इमारतीचे जे भग्नावशेष दिसतात, ते त्याच काळातले. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हा पोर्तुगीज धर्मगुरूंना इथून जावं लागलं, पण गावं ख्रिस्तीच राहिली आणि देशी धर्मगुरूंनी उपासना चालू ठेवली. इंग्रजांनी साष्टी घेतली ती १७७४ मध्ये. अमेरिका हा देश स्वतंत्र झाला १७७६ मध्ये. म्हणजे तुमच्या किनाऱ्यावरचा ख्रिस्ती धर्म हॉल यांच्या देशापेक्षाही दोनशेहून अधिक वर्षांनी जुना आहे. मुंबईत ख्रिस्ती धर्म हॉल यांनी आणला, असं कुणी लिहिलं असेल तर ते सरळ चुकीचं आहे.

मग हॉल वेगळं काय घेऊन आले? मनोरीचा धर्म कॅथलिक. तो एका पिढीकडून दुसरीकडे जातो तो मुख्यतः संस्कारांतून : बाप्तिस्मा, मिस्सा, सण, पाठ केलेल्या प्रार्थना, क्रूसापुढचं गाणं. मिस्सा लॅटिनमध्ये असे. म्हणून मराठीला जागा नव्हती असं मात्र नाही. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटांनी गोव्यात राहून रचलेलं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रोमन लिपीत छापलं गेलं. त्यात सुमारे ११ हजार मराठी ओव्या आहेत. पुढे सतराव्या शतकातच फ्रान्सिस्कु वाझ द गिमारायश यांनी ख्रिस्ताच्या दुःखसहनावर रचलेलं मराठी पुराण उत्तर कोकणातल्या ख्रिस्ती गावांत पोचलं. कथा मराठीत होती आणि ती कानावर पडत होती. ज्याला एक अक्षर वाचता येत नव्हतं तोही त्या धर्मात पुरता सामील होता.

हॉल प्रोटेस्टंट होते आणि त्यांतल्याही इव्हँजेलिकल विचाराचे. या मंडळींची धारणा अशी, की देवाचं वचन बायबलमध्ये आहे, ते प्रत्येकाने स्वतः वाचलं पाहिजे, ते वाचून त्याच्या अंतःकरणात पालट झाला पाहिजे आणि ज्याच्यात तो झाला त्याने ती वार्ता जगभर पोचवली पाहिजे. या एका धारणेतून पुढचं सगळं ओघाने येतं. प्रत्येकाने वाचायचं तर ग्रंथ त्याच्या भाषेत हवा. ग्रंथ हवा तर भाषांतर हवं. भाषांतर घरोघर पोचवायचं तर छापखाना हवा. आणि छापलेलं वाचता यावं म्हणून शाळा हवी, मुलग्यांची आणि मुलींचीही. हॉल यांचं मुंबईतलं सारं आयुष्य म्हणजे ही साखळी एकेक कडी करून जुळवण्याची खटपट होती. तुमच्या पहिल्या शंकेचं उत्तर इथेच आहे. ते ख्रिस्ती धर्माची वार्ता सांगायला आले खरे, पण त्यासाठी त्यांना आधी लोकांच्या हातात पुस्तक द्यावं लागणार होतं.

आता माणसाची ओळख करून घेऊ. गॉर्डन हॉल यांचा जन्म ८ एप्रिल १७८४ चा, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या टॉलंडचा. विल्यम्स कॉलेजातून ते १८०८ मध्ये पदवीधर झाले. ते तिथे शिकत असतानाच, १८०६ च्या उन्हाळ्यात, त्या कॉलेजातले पाच विद्यार्थी प्रार्थनेला जमले होते. वादळी पाऊस आला म्हणून ते गवताच्या गंजीच्या आडोशाला थांबले आणि परदेशात सुवार्ता नेण्याचा बेत त्यांनी तिथे केला. अमेरिकेच्या परदेशी मिशन चळवळीची सुरुवात याच प्रसंगापासून मानतात. हॉल त्या पाचांत नव्हते, पण तेच वारं त्यांनाही लागलं. कनेक्टिकटमधल्या एका चर्चने त्यांना पाळक म्हणून बोलावलं होतं. घर, पगार, मान, सगळं समोर होतं. त्यांनी ते नाकारलं. अँडोव्हरच्या धर्मविद्यालयात त्यांनी अभ्यास केला आणि परदेशी उपयोगी पडेल म्हणून फिलाडेल्फियात वैद्यकाचे धडे घेतले. या वैद्यकाचा त्यांच्या अखेरच्या प्रवासाशी संबंध आहे, तो पुढे येईल.

अमेरिकन बोर्ड ही मिशनसंस्था १८१० मध्ये स्थापन झाली. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम गावच्या टॅबरनॅकल चर्चमध्ये पाच तरुणांना दीक्षा मिळाली : अ‍ॅडोनिराम जडसन, सॅम्युएल न्यूएल, सॅम्युएल नॉट, ल्यूथर राइस आणि गॉर्डन हॉल. संस्थेने परदेशी पाठवलेली ही पहिलीच तुकडी. त्याच महिन्यात ती दोन जहाजांतून निघाली आणि त्याच वर्षी कलकत्त्याला पोचली. हॉल यांचं ‘हार्मनी’ जहाज ऑगस्टमध्ये लागलं.

इथे तुमची दुसरी शंका येते. मिशनरी हे गोऱ्या सरकारचेच हस्तक होते आणि कंपनीने त्यांना हाताला धरून इथे आणलं, असा समज सर्रास आढळतो. १८१२ साली परिस्थिती जवळजवळ उलटी होती. ईस्ट इंडिया कंपनीला व्यापार आणि महसूल हवा होता. लोकांच्या धर्मात कुणी हात घातला तर राज्य धोक्यात येईल, ही धास्ती तिला होती. १८०६ चं वेल्लोरचं बंड ताजं होतं आणि धर्म बुडवला जाईल ही भीती त्या बंडाच्या कारणांत धरली जात होती. कंपनीच्या परवान्याशिवाय मिशनऱ्याला राहू द्यायचं नाही, असा दंडक होता. त्यात जून १८१२ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात युद्ध जुंपलं. म्हणजे ही मंडळी बिनपरवान्याची, शिवाय शत्रुराष्ट्राची. कलकत्त्यात त्यांना हुकूम मिळाला, देश सोडा.

तुकडी पांगली. जडसन आणि राइस यांनी बाप्तिस्म्याविषयीचं आपलं मत बदललं आणि ते बॅप्टिस्ट झाले. जडसन पुढे ब्रह्मदेशात गेले. न्यूएल पत्नीसह मॉरिशसला निघाले. तिथे नोव्हेंबर १८१२ मध्ये हॅरिएट न्यूएल वारल्या. त्या अवघ्या एकोणीस वर्षांच्या होत्या. हॉल आणि नॉट कलकत्त्याहून कसेबसे निसटले आणि ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईत उतरले. मागोमाग कलकत्त्याचा निरोप आलाच, की यांना इंग्लंडला रवाना करा.

मुंबईचे गव्हर्नर सर एव्हन नेपियन स्वतः धार्मिक वृत्तीचे आणि बायबलच्या प्रसाराविषयी आस्था असलेले होते, पण वरचा हुकूम मोडणं त्यांच्या हातात नव्हतं. तगादा वाढला तेव्हा हॉल आणि नॉट सिलोनला जाण्याच्या इराद्याने गुपचूप एका जहाजावर चढले. कोचीनपर्यंत पोचले, तिथे पकडले गेले आणि परत मुंबईत आणले गेले. मग हॉल यांनी नेपियन यांना निर्भीड पत्रं लिहिली. धर्मोपदेशकाला हाकलण्याचा जाब तुम्हांला देवापुढे द्यावा लागेल, असा त्यांचा रोख होता. दरम्यान लंडनच्या पार्लमेंटने १८१३ चा सनदी कायदा केला आणि मिशनऱ्यांना हिंदुस्थानात येण्याची वाट मोकळी झाली. कंपनीच्या संचालकांपैकी चार्ल्स ग्रँट यांनीही या अमेरिकनांची बाजू घेतली. अखेर राहण्याची परवानगी मिळाली आणि अमेरिकन बोर्डाचं परदेशातलं पहिलं कायमचं ठाणं झालं ते मुंबई. बोस्टनहून निघालेल्या इतक्या मोठ्या चळवळीचं पहिलं पाऊल आपल्या मुंबईत रोवलं गेलं, ही गोष्ट मुंबईकरांनाही फारशी ठाऊक नसते.

परवानगी मिळाली आणि खरं काम सुरू झालं. हॉल यांनी मराठी शिकायला घेतलं. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश अजून निघायचा होता. तेव्हा शिकायचं ते शास्त्र्यांकडे बसून आणि रस्त्यावर माणसांशी बोलून. ते रोज बाजारात, देवळांच्या आवारात, तळ्याकाठी जाऊन लोकांशी बोलत. लोक ऐकत, वाद घालत, कधी हसत, कधी शिव्याही देत. नॉट आजारी पडून १८१५ मध्ये परतले. न्यूएल त्याआधी येऊन मिळाले होते, पण कितीतरी दिवस या अफाट कामाला दोनच माणसं होती. १८१५ मध्ये त्यांनी मुंबईत मुलांसाठी आपली पहिली शाळा काढली.

छापखान्याची गोष्ट जरा जवळून पाहण्याजोगी आहे. १८१६ मध्ये होरेशिओ बार्डवेल आले आणि छपाई सुरू करण्याची सोय झाली. १८१७ मध्ये या छापखान्यातून पहिली मराठी पुस्तिका बाहेर पडली. पानं फक्त आठ! ती आठच का, हे कळायला खिळे जुळवण्याचं काम डोळ्यांपुढे आणावं लागेल. इंग्रजीला सव्वीस अक्षरं, त्यांची लहानमोठी रूपं, अंक आणि विरामचिन्हं असली की भागतं. देवनागरीत ‘क’ वेगळा, अर्धा ‘क’ वेगळा, ‘क्ष’ वेगळा, ‘क्र’ वेगळा. वेलांटी, मात्रा, अनुस्वार वर जाणार, उकार आणि रफार खाली-वर बसणार. एका ओळीच्या जागेत तीन थर सांभाळायचे आणि प्रत्येक जोडाक्षराचा खिळा आधी ओतून घ्यायचा. एखाद्या जोडाक्षराचा खिळा खणात नसेल तर तिथेच अडायचं. जुळारी तयार नव्हते, त्यांनाही शिकवावं लागलं. अशा अवस्थेत आठ स्वच्छ पानं छापून काढणं ही मोठीच मजल होती.

आता भाषांतराकडे वळू, कारण गैरसमज इथेच सर्वांत जास्त आहेत. मराठीतलं पहिलं छापील बायबल हॉल यांचं, असं म्हणतात ते बरोबर नाही. बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम कॅरी यांनी पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने मराठीचं काम आधीच सुरू केलं होतं. मत्तयाचं शुभवर्तमान १८०५ मध्ये आणि नवा करार १८११ मध्ये त्यांनी छापला होता. पण तो बंगालमध्ये बसून केलेला होता आणि मुंबई-कोकणातल्या वाचकाला ती भाषा परकी वाटते, असं मुंबईच्या मिशनऱ्यांचं मत झालं. म्हणून त्यांनी मूळ ग्रीकवरून नव्याने भाषांतर सुरू केलं. हॉल आणि न्यूएल यांनी पाया घातला. माहीमला राहणारे अ‍ॅलन ग्रेव्ह्ज यांच्यासारखे नंतर आलेले सहकारी त्यात सामील झाले. एकेक पुस्तक होईल तसं छापत छापत संपूर्ण नवा करार १८२६ मध्ये पुरा झाला.

दुसरा गैरसमज असा, की सगळं बायबल हॉल यांनी एकट्याने केलं. त्यांच्या आणि त्यांच्या सोबत्यांच्या काळात पुरा झाला तो नवा करार. जुन्या कराराचं काम पुढच्या मंडळींनी १८४० च्या दशकात तडीस नेलं. त्यानंतरही दुरुस्त्या होत राहिल्या. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत सगळं बायबल एकहाती आणलं ते पंडिता रमाबाईंनी, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये. १९२२ मध्ये त्या वारल्या आणि ते बायबल त्यांच्या मागे प्रसिद्ध झालं. एवढ्या हातांतून गेलेल्या कामाचं श्रेय एका नावावर टाकणं कुणालाच न्याय देणारं नाही. ज्या शास्त्री-पंडितांनी हॉल यांना मराठी शिकवलं आणि वाक्यं सुधारून दिली, त्यांची नावं तर मुखपृष्ठावर आलीच नाहीत.

साखळीची पुढची कडी मुलींची शाळा. तुम्ही कॅथलिक असल्याने पाद्री म्हणजे अविवाहित, हे तुमच्या डोळ्यांपुढे असणार. प्रोटेस्टंट पाळक लग्न करतात. हॉल यांनी १८१६ मध्ये मुंबईतल्याच मार्गारेट लुइस या इंग्रज बाईंशी लग्न केलं. याचा परिणाम असा झाला की मिशनच्या कामात बायका आल्या आणि पुरुष पाद्र्याला जिथे पाऊल टाकता येत नव्हतं त्या माजघरापर्यंत त्यांचा शिरकाव झाला. १८२४ मध्ये अमेरिकन मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली. हिंदू मुलींसाठीची मुंबईतली ती पहिली शाळा मानतात. १८२७ मध्ये सिंथिया फॅरार आल्या. अमेरिकेतून परदेशी मिशनकार्याला निघालेल्या पहिल्या अविवाहित स्त्रियांत त्यांची गणना होते. त्या पुढे अहमदनगरला गेल्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, आणि शेवटपर्यंत मुलींना शिकवत राहिल्या. सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण नगरला याच फॅरारबाईंकडे घेतलं, असं त्यांचे चरित्रकार सांगतात.

आणि ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते धर्मांतर? त्यात हॉल यांना यश आलं असं म्हणता येत नाही. तेरा वर्षांत बाप्तिस्मा घेतलेली माणसं बोटांवर मोजावीत इतकी. मिशनरी आले आणि गावंच्या गावं बाटवली, असं चित्र या काळाला लागू पडत नाही. उलट मिशनरीच एकेक करून गेले. न्यूएल १८२१ मध्ये पटकीने वारले. ठाण्याला राहणारे जॉन निकोल्स १८२४ मध्ये गेले. मुलांच्या प्रकृतीसाठी मार्गारेट हॉल १८२५ मध्ये दोन्ही मुलांना घेऊन अमेरिकेला निघाल्या. काम टाकून जाणं बरं नव्हे म्हणून हॉल मागे राहिले.

मार्च १८२६ मध्ये ते पुस्तकं वाटत नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या दौऱ्यावर गेले. सोबत मिशनची दोन मुलं होती. नाशकात पटकीने थैमान घातलं होतं आणि रोज माणसं पटापट मरत होती. हॉल यांनी आपल्याजवळचं बहुतेक औषध रोग्यांना देऊन टाकलं आणि मुंबईची वाट धरली. १९ मार्चच्या रात्री वाटेवरच्या एका खेड्यात देवळाच्या ओसरीवर त्यांनी पथारी टाकली. तिथेच पटकीचे रोगीही पडलेले होते. पहाटे चारला निघण्यासाठी उठले आणि त्यांनाच लागण झाली. थोडं औषध उरलं होतं ते पोटात टिकेना. जवळ जमलेल्या गावकऱ्यांशी आणि त्या दोन मुलांशी ते बोलत राहिले, प्रार्थना करत राहिले. २० मार्चला दुपारी प्राण गेला. वय एक्केचाळीस. शवपेटी मिळणं शक्य नव्हतं. मुलांनी त्यांना त्यांच्याच कांबळ्यात गुंडाळून पुरलं. वैद्यक शिकलेल्या माणसाने आपलं औषध आधी दुसऱ्यांना दिलं, हा त्यांच्या चरित्रातला मला सर्वांत मोठा वाटणारा प्रसंग आहे. त्यांची सगळी मतं पटोत न पटोत, या एका गोष्टीपुढे मान लवते.

मतं पटण्याचा प्रश्न टाळून चालणार नाही. हॉल यांना हिंदू धर्मात त्याज्यच फार दिसलं आणि कॅथलिक उपासनेतही. मिशनच्या पुस्तिकांतली भाषा कैकदा दुखावणारी असे. पण पुढे काय झालं ते पाहा. पुस्तिकेला उत्तर पुस्तिकेनेच दिलं जाऊ लागलं. १८३१ मध्ये मोरभट दांडेकर यांनी जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याशी जाहीर वाद केला आणि आपली बाजू छापून काढली. १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी वाद करत होते, त्या वादांचीही पुस्तकं झाली. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाछापखाना घातला आणि हिंदू पंचांग छापून विकलं. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लहानपणी खिळे घासणाऱ्या जावजी दादाजींनी पुढे ‘निर्णयसागर’ उभारला आणि संस्कृत-मराठी ग्रंथांची छपाई देशभर नावाजली गेली. बायबलसाठी आणलेली कला पोथ्यापुराणांच्याही कामी आली. वाचायची सवय लागलेला समाज काय वाचेल हे शिकवणाऱ्याच्या हाती राहत नाही.

शिकवणारेही यातून बदलले. अमेरिकन मिशनने १८४२ मध्ये अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ काढलं, त्याच्या मराठी विभागाचे पुढे संपादक झाले रेव्हरंड नारायण वामन टिळक. ख्रिस्ती भक्ती त्यांनी ओवी-अभंगांतून मांडली. याच मिशनचे जस्टिन अ‍ॅबट यांनी तर निवृत्तीनंतर उरलेलं आयुष्य तुकाराम, एकनाथ, बहिणाबाई आणि महिपती यांच्या रचना इंग्रजीत नेण्यासाठी वाहिलं. हॉल यांच्या मृत्यूला शंभर वर्षं होत असताना त्यांच्याच मिशनमधला एक बायबलचा अभ्यासक मराठी संतांची पुस्तकं छापत होता.

आता शेवटची शंका : मनोरीत हे नाव का नाही? एक तर दोन चर्चचा कारभार अगदी वेगळा. मनोरीचे धर्मगुरू नेमले जात ते कॅथलिक व्यवस्थेतून, आधी बहुतांशी गोव्याच्या बाजूने. अमेरिकन प्रोटेस्टंटांशी त्यांचं देणंघेणं नव्हतं आणि त्यांचं भाषांतर कॅथलिकांना चालण्याजोगंही नव्हतं. दुसरं असं, की सामान्य भाविकाने एकट्याने बायबल वाचावं यावर त्या काळी कॅथलिक चर्चचा भर नव्हता. उपासना लॅटिनमध्ये आणि कथा पुराणांतून, ही घडी १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत मोडली नाही. तिसरं कारण सामाजिक. इथल्या कॅथलिकांनी १८८७ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं आणि इंग्रजी शिक्षणाकडे कल वाढला. नगर-सोलापूरकडचा प्रोटेस्टंट मराठी समाज आणि खाडीपलीकडचे कॅथलिक यांची गाठ पडण्याचे प्रसंगच कमी.

व्हॅटिकन परिषदेनंतर मात्र चित्र पालटलं. मिस्सा मराठीत आली, बायबलवाचन कॅथलिक घरांतही शिरलं. तुमच्या शेजारच्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ लिहिलं आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. ज्या कामाचा आग्रह दोनशे वर्षांपूर्वी एका प्रोटेस्टंट पाद्र्याने धरला, ते काम आता तुमच्याच किनाऱ्यावरच्या कॅथलिक धर्मगुरूने केलं. आज हा वारसा दोन्ही घराण्यांचा आहे.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नापलीकडची, पण त्यातूनच निघालेली. हॉल यांच्याबद्दल आपल्याला इतकं ठाऊक आहे, कारण त्यांच्या लोकांनी सगळं लिहिलं आणि छापलं. पत्रं, रोजनिशा, अहवाल बोस्टनला जात आणि ‘मिशनरी हेरल्ड’ मासिकात येत. त्यांच्या मरणाचा तास न् तास नोंदला गेला. मनोरी, गोराई, उत्तन, वसईची ख्रिस्ती मराठी त्याहून कितीतरी जुनी आहे, पण ती गळ्यातून गळ्यात गेली. लग्नातली गाणी, क्रूसापुढच्या प्रार्थना, उपवासाच्या दिवसांतलं पुराण, हे रचणाऱ्यांची नावं कुठल्याही अहवालात नाहीत. म्हणून इतिहासाच्या पुस्तकात १८१३ ला आलेला परदेशी माणूस ठळक दिसतो आणि त्याच्या आधी दोनशे वर्षं मराठीत प्रार्थना करणारी तुमची माणसं दिसत नाहीत. पुस्तक वाचून तुम्हांला जे खटकलं ते हेच होतं आणि खटकलं ते बरोबरच होतं.

यावर उपाय तुमच्या हाती आहे. तुमच्या गावात ज्या वृद्ध बायांना ही गाणी आणि प्रार्थना पाठ आहेत त्यांच्याकडून त्या आत्ताच ध्वनिमुद्रित करून घ्या. कोण म्हणतं, कुणाकडून शिकलं, कोणत्या प्रसंगी म्हणतात, हे तारखेनिशी लिहून ठेवा. कुणाच्या पेटीत हाताने लिहिलेली पुराणाची वही किंवा रोमन लिपीतलं जुनं मराठी प्रार्थनापुस्तक असेल, तर ते रद्दीत जाण्याआधी त्याच्या पानांची छायाचित्रं काढा आणि एक प्रत एखाद्या ग्रंथालयात द्या. हॉल यांच्या मंडळींकडून घेण्याजोगी ही एक सवय निश्चित आहे.